चीक उतला

वाटीतलं तेल कलंडून बायकोच्या डाव्या हाताखाली पसरलं, तरी तिला पत्ता नव्हता. रोगणवाल्याने तो हात उचलून मांडीवर घेतला आणि मनगट चोळायला लागला.

"लागतंय का काही?"

"लाकडाला विचारा. तुमची त्याच्याशी जास्त ओळख."

अर्धांगाच्या झटक्यातून ती वाचली होती, जीभही शाबूत होती, आणि एवढ्यावरच तो देवाचे पाय धरायला तयार होता. पण ती शिवणकाम करणारी. एका हाताने काजं कशी होणार? डॉक्टर म्हणाले होते, आधी हाताला कळायला लागू दे, मग बोटांचं बघू. टाचण्या टोचून टोचून तेही थकले. शेवटी तिने मशीनवर चादर टाकली.

तो झाडाच्या चिकाचं रोगण करून पेट्यांवर चढवायचा. त्याची कातडी चिकाला कधीच सरावली होती, पण बायकोला नुसत्या शर्टाला लागलेला चीकही उतायचा. मग फोड, खाज आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार. म्हणून लग्नापासून तो कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचा.

एका दुपारी शेजारीण धापा टाकत कारखान्यात आली.

"भाऊ, वहिनी पडल्या!"

तो होता तसाच धावला. मनगट घट्ट धरून त्याने तिला उठवलं. हाडबीड मोडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तिने तोंड सोडलं.

"अहो, इतक्या वर्षांत एवढी अक्कल येऊ नये? चिकाच्या हातांनी धरलंत ना मला? बघा, तुमची चारही बोटं उठलीत! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खाजून खाजून जीव नकोसा झालाय!"

चूक त्याचीच होती. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग हळूच त्याने वर पाहिलं. ती डावं मनगट कराकरा खाजवत होती.

"कुठे खाजतंय?"

"कुठे म्हणजे? इथे! दिसत नाही का..."

ती थांबली. मनगटाकडे बघतच राहिली.

"अगंबाई," ती पुटपुटली.

त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. काहीतरी करायला हवं म्हणून तो उठला.

"थांब, मलम आणतो."

"बसा गुपचूप," डोळे पुसत ती म्हणाली. "खाजू दे. पोटभर खाजू दे."