तांबड्या विभागातलं मीटर

"अहो ताई, समुद्र कुठं आणि आपण कुठं? सव्वाशे किलोमीटर चालत येणार का तुमचं वादळ?" पंक्चरवाला दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला.

"वादळ नाही येणार. पाऊस येणार आणि त्याच्या मागोमाग नदी येणार." मीटरताईंनी हातातल्या यादीवरून नजर उचलली नाही. "तुमचं घर तांबड्या विभागात आहे. चारच्या आत शाळेच्या हॉलवर जायचं. कंप्रेसर माळ्यावर चढवा, कुलूप लावा आणि कडीला टॉवेल बांधा."

"पांढराच लागतो का? माझा निळा आहे."

"निळा चालेल. धुतलेला असला म्हणजे झालं."

तो हसला आणि उठला एकदाचा. मीटरताई पुढच्या दाराकडे वळल्या.

गावाच्या पाणी खात्यात बावीस वर्षं त्या मीटर वाचत होत्या, त्यामुळे खरं नाव घरच्यांपुरतंच उरलं होतं. कचेरीत पुराचा नवा नकाशा लागला होता. नदीकाठ तांबडा, बाजारापर्यंत पिवळा, टेकडी हिरवी. सकाळी वादळाचा इशारा आला तशी साहेबांनी तांबड्या विभागाची यादी सरळ मीटरताईंच्या हातात दिली. कुठल्या दारामागे कोण राहतं, कोणाची आजी अंथरुणाला खिळली आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ताईंनी तोंड वाकडं केलं खरं, पण मनातून त्यांना फार बरं वाटलं होतं. आपल्या कामाला कोणीतरी विचारलं याचा आनंद लहान नसतो.

नियम सोपा होता. घर रिकामं केलं की कडीला टॉवेल. टॉवेल दिसला की यादीत खूण करायची आणि पुढं जायचं, दार वाजवण्यात वेळ घालवायचा नाही.

सव्वातीनला त्या शेवटच्या गल्लीत पोचल्या. टेलरकाकांच्या दाराला कुलूप होतं, कडीला पांढराशुभ्र टॉवेल. ताईंना हायसं वाटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस. काकू गेल्याला वर्ष झालं. सकाळी त्यांनी "मी काही येत नाही, जा तू" म्हणून दार लोटून घेतलं होतं. आता निघालेले दिसतात, म्हातारा शहाणा झाला म्हणायचा. ताईंनी रस्त्यावरूनच नावापुढं खूण केली.

खूण केली, तरी हात मात्र कोटाच्या खिशातल्या लोखंडी आकडीकडे गेला. फाटकाशी जमिनीत मीटरची पेटी होती, आणि पेटीचं झाकण दिसलं की ते उचलल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. नवरा सगळ्यांना सांगत सुटायचा, "आम्ही पाहुण्यांकडे गेलो ना, की ही आधी त्यांच्या मीटरला भेटून येते, मग माणसांना." ताईही त्यावर हसत. खोटं काय होतं त्यात?

झाकण उचललं. काचेखालचं छोटं लाल चाक फिरत होतं.

नळ गळत असेल, त्यांच्या मनात आलं. पण काका दर सहा महिन्यांनी स्वतः वॉशर बदलायचे, त्यांचा नळ गळताना ताईंनी बघितला नव्हता. त्या तशाच वाकून राहिल्या. चाक थांबलं. जरा वेळानं पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं. गळणारं पाणी असं थांबत नाही. थांबतं ते माणसानं सोडलेलं पाणी.

आपण खूण केली होती. आपल्या हातानं या माणसाला गेलेला म्हणून लिहिलं होतं, आणि रात्री नदी चढली असती तर इकडे कुणी फिरकलंसुद्धा नसतं.

ताई वळसा घालून घरामागे गेल्या. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेलरकाका बादल्या भरत होते. गळ्यात नेहमीची टेप, खाटेवर टॉर्च, बिस्किटांचे दोन पुडे आणि घडी घातलेली चादर.

"टॉवेल दिसला नाही का तुला?" त्यांनी नळ बंद केला.

"दिसला. मीटरही दिसलं."

पोरानं चोरी करताना सापडावं तसा काकांचा चेहरा झाला होता.

"काका, नदी आत आली तर या बादल्यांचं काय करणार आहात?"

"येत नाही आत. आणि आली तर आली. माझं काय राहिलंय आता?"

"हे मला नका सांगू. काल तुम्ही नवा चष्मा करायला टाकलात, चष्मेवाला सांगत होता. खरं काय ते बोला."

काका खाटेवर बसले. टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "हॉलमध्ये दीडशे माणसं. संडास दोन, तेही मैदानापलीकडे. मला रात्री पाच वेळा उठावं लागतं गं. कधीकधी पोचेपर्यंत दम धरवत नाही. या गावातल्या अर्ध्या लोकांना मी कपडे शिवून घातलेत. त्यांच्यापुढं ओल्या पायजम्यानं उभा राहू?"

ताईंना नोकरी लागली तेव्हा त्यांचा पहिला कोट काकांनीच शिवला होता. न सांगता आकडीसाठी आत लांबडा खिसा ठेवला होता, दुहेरी शिलाईचा. त्या माणसाला आपण सकाळी हट्टी म्हणून मोकळे झालो.

"हॉलवर नाही जायचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे चला. सासऱ्यांची खोली दोन वर्षं रिकामी आहे. त्यांनाही हेच होतं, म्हणून खोलीला लागूनच संडास बांधलाय. चार पावलं. कुणाला ओलांडावं लागत नाही, कुणाला कळतही नाही."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"तो म्हणेल, मीटर वाचायला गेली आणि माणूस घेऊन आली."

काकांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यांनी चादर काखेत मारली. ताईंनी यादीतली खूण खोडली, काकांना फाटकाबाहेर आणलं, आणि मग ती पुन्हा केली.

नदी त्या रात्री आली. दोन दिवस राहिली आणि आली तशी गेली. तांबड्या विभागातलं एकही माणूस दगावलं नाही. पंक्चरवाल्याचा निळा टॉवेल तेवढा वाहून गेला, त्यावरून तो ताईंना अजून ऐकवतो.

तिसऱ्या दिवशी ताई काकांना घेऊन त्यांच्या घरी आल्या. खोलीभर चिखल होता. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ सरळ उमटली होती. काकांनी गळ्यातली टेप काढली, वाकून आधी खाटेची उंची मोजली, मग भिंतीवरची रेघ.

"खाट अठरा इंच," ते म्हणाले. "रेघ एक्केचाळीस."

काकांनी टेप नीट गुंडाळून गळ्याऐवजी खिशात ठेवली.

"पुढच्या वेळी मी टॉवेल बांधला ना," ते म्हणाले, "तरी तू मीटर बघत जा."

"बघतेच मी."

मग त्यांनी पायजम्याचे पाय दुमडले, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि बादली नळाखाली ठेवली. ताई बाहेर आल्या. पेटीवरचा गाळ त्यांनी हातानंच बाजूला सारला, आकडीनं झाकण उचललं आणि रुमालानं काच पुसली. आत काकांनी नळ सोडला. लाल चाक जरा अडखळलं, आणि फिरू लागलं.