असाहेल थ्रॉलचं मत

"काळीज काढून जाळायचं, बस्स. बाकी देहाला कुणी हात लावणार नाही," एनस पेटिबोन म्हणाला. हा आमचा गिरणीवाला. तो आणि बरोबरचे तिघे टोप्या हातात धरून स्वयंपाकघरात उभे होते, आणि ज्या काळजाबद्दल बोलणं चाललं होतं ते माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं.

मेहिटबल जानेवारीत क्षयाने गेली. तिच्याआधी तिचे दोन्ही मुलगे तसेच खोकत गेले, आणि आता उरलेली एकुलती लेक, लव्हिना, रक्त थुंकत होती. आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात तेव्हा लोक मानायचे, की एका घरात असं माणसामागून माणूस जायला लागलं, तर आधी गेलेलं कुणीतरी कबरीतून मागच्यांना पीत असतं. कबर उघडायची. काळीज ताजं निघालं तर जाळायचं आणि राख पाण्यातून आजाऱ्याला पाजायची.

माझे दाजी असाहेल थ्रॉल मेंढ्या पाळणारे शेतकरी, पण मोंटपेलिअरच्या विधिमंडळात कितीतरी वर्षं बसलेले. रस्ता कुठून न्यायचा, मोकाट डुकरं कुणी कोंडायची, सगळं गावसभेत हात वर करून ठरवावं, यावर त्यांची बायबलइतकी श्रद्धा.

"एनस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दाजी म्हणाले. "जमीन गोठली होती म्हणून तिला हिवाळाभर दगडी कोठीत ठेवली. मे महिन्यात पुरली. ताजी निघणार नाही तर काय होईल?"

"मग उघडायला घाबरतोस कशाला?"

"घाबरतोय कोण? गावसभेत मांड. आपली माणसं शहाणी आहेत."

मी पातेलं आपटलं. "दाजी, बायकोच्या काळजावर मतं मागता? जनाची नाही तर मनाची तरी!"

"हरतील ते, हल्डा. एकदाची सगळ्यांची तोंडं बंद होतील."

सभेच्या आदल्या दिवशी लव्हिनाने त्यांना बोलावलं. मी तिच्या उशा बदलत होते.

"बाबा, आई येते. पलंगाच्या पायथ्याशी बसते आणि माझ्याकडे बघत राहते."

"ताप आहे गं तो, बाळा."

"असू दे ताप. मला मरायचं नाहीये, बाबा. उघडा ना तिला."

दाजींनी तिचं पांघरूण सारखं केलं. मी पायथ्याकडे बघायचं टाळलं.

सभा चर्चमध्ये भरली. आम्ही बायका वरच्या सज्जात बसलो, आम्हाला मत कुठलं! अध्यक्ष दाजीच होते. त्यांनी विचारलं, बाजूने कोण? हात वर झाले. विरुद्ध कोण? तेवढेच हात वर झाले. पुन्हा मोजले, तरी बरोबरी. आमच्याकडे अध्यक्ष मत देत नाही. बरोबरी झाली तरच द्यावं लागतं. सगळं गाव त्यांच्याकडे बघायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला होता, कारण दाजी काय म्हणणार हे मला ठाऊक होतं.

दाजींनी उजवा हात वर केला. "बाजूने," ते म्हणाले, पुलाच्या दुरुस्तीचा ठराव वाचावा तशा आवाजात. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला की वरूनच थुंकावंसं वाटलं.

भर दुपारी उघडली तिला. गाल लाल होते, ओठ ओलसर होते. "बघा!" एनस ओरडला. "थंडीमुळे रे... कोठीतली थंडी," दाजी पुटपुटत राहिले, पण ऐकतंय कोण? मला थंडीचं पटत होतं. पण तिला न्हाऊ घालून वेणी मी माझ्या हाताने घातली होती, घट्ट. ती पार सुटून छातीवर पसरली होती. थंडी वेणी सोडते का, सांगा मला.

लव्हिना राखेचं पाणी घोटाघोटाने प्यायली. खोकला खरंच थांबला. ती उठून बसली, अंडी मागून खाल्ली. दाजी गोठ्यात जाऊन रडले. मग एका सकाळी पोर मला म्हणाली, "मावशी, आता पायथ्याशी कुणीच नसतं. आई कुठे गेली गं?" आणि हमसून हमसून रडायला लागली. खोकला परतला. गवतकापणी सुरू व्हायच्या आत ती गेली.

कापणी झालीच नाही. दाजी खोकायला लागले होते.

एनस पुन्हा आला. या वेळी मान खाली घालूनच बोलला, "असाहेल, आता तुझ्यासाठी... लव्हिनाला बघावं लागेल. सभा बोलावतोस?"

"नाही."

"तू नाही म्हणतोस? सभेला?"

"माझ्या पोरीला हात लावलात तर कुदळीने एकेकाचं डोकं फोडीन. जा, सांग गावाला."

त्या दिवसापासून दाजी खुर्ची घेऊन तिच्या कबरीपाशी बसायला लागले. माणसं कुंपणापर्यंत यायची आणि परत जायची. दाजींच्या अंगावरचे कपडे दिवसागणिक ढगळ व्हायला लागले. मी रोज सूप घेऊन जायची आणि रोज भांडायची. एकदा संध्याकाळी न राहवून बोलून गेले, "दाजी, मलाही असलं काही मानायचं नाहीये. पण समजा, खरंच पोरगी तुम्हाला पीत असली तर?"

त्यांनी रुमाल तोंडावर धरला, खोकल्याची उबळ जाऊ दिली. रुमाल लाल झाला होता.

"तर पिऊ दे, हल्डा," ते म्हणाले. "लहान आहे ती. तहान लागली असेल."

मी सूपचा वाडगा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी गवतात बसले.