हिरवळीच्या पोटातली पोकळी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गोळा आहे. दूरच्या कॅरिबियन बेटांवरचे माझे लाकूड इतके जड, की पाण्यात टाकले तर बुडते. ग्लासगोच्या कारागिराने मला घडवताना माझी एक कूस मुद्दाम फुगीर ठेवली. त्यामुळे मी सरळ जात नाही. वेग ओसरला की डावीकडे वळतो. दूरच्या छोट्या पांढऱ्या गोळीपाशी मला नेऊन थांबवायचे, एवढाच हा खेळ. एके काळी इंग्लंडच्या राजांनी गरिबांना तो खेळायला बंदी केली होती. आमच्या ऑखेनलीश गावात मात्र तो खाणकामगारांचाच होता.

माझा मालक वॉटी रेनी आठवडाभर जमिनीखाली कोळसा खणायचा आणि शनिवारी वर हिरवळीवर खेळायचा. फेकण्याआधी तो मला बाहीला पुसायचा. त्या पुसण्यात किती माया होती!

एका उन्हाळ्यात मी चुकू लागलो. वळण घ्यायच्या जागी सरळ गेलो. पुढच्या शनिवारी तर चक्क उजवीकडे ओढला गेलो.

"काय रे वॉटी, गोळ्याला पाजलीस की स्वतःच ढोसून आलास?" त्याचा जिवलग दोस्त डूगी केर ओरडला. सगळे खो खो हसले.

वॉटी हसला नाही. खाण थेट या हिरवळीखालून गेली होती. वरची जमीन तोलून धरायला खाणीत कोळशाचे खांब सोडलेले असतात. खाणमालकांच्या हुकमाने ते खांबही आता फोडले जात होते. आणि फोडणाऱ्यांत वॉटी स्वतः होता.

तो क्लबच्या अध्यक्षाकडे, सँडी ऑर खाटकाकडे गेला. "सँडी, अंतिम सामना दुसरीकडे घे. हिरवळ खचतेय."

"चषक दारात आलाय आणि तू अपशकुन करतोस? आजवर खचली का कधी?"

"आजवर आम्ही तिला आतून एवढी पोखरलीही नव्हती."

"घरी जाऊन झोप लेका!"

सामना ठरल्या जागीच झाला. वारा पडलेला होता. कुंपणापाशी गर्दी दाटली होती. शेवटचा डाव वॉटीचा होता. मला हातात घेऊन तो वाकला आणि तसाच थिजला. समोरची पांढरी गोळी कुणीही न ढकलता हळूहळू चालू लागली होती.

वॉटीने मला खाली टाकले. "पळा! पोरं उचला आणि पळा!"

क्षणभर कुणी हलले नाही. मग पायांखालून, जुने लाकूड पिळावे तसा आवाज आला. माणसे कुंपणावरून उड्या टाकू लागली. डूगीही बाहेर पोचला होता. पण आपले गोळे राहिले म्हणून तो मागे वळला.

"डूगी! राहू दे ते!"

"आलोच रे, दोन पावलं तर आहेत!"

हिरवळ मधोमध फाटली आणि डूगीला घेऊन खाली गेली. मी कडेच्या चरात अडकून राहिलो.

शनिवार दुपार असल्याने खाण रिकामी होती. बाकी सारे वाचले. डूगी मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. वॉटी पुन्हा खेळला नाही आणि खाणीतही उतरला नाही. आता मी त्याच्या खिडकीत असतो. तिथून त्या खड्ड्याभोवतीचे तारांचे कुंपण दिसते. डूगीची बायको नॅन तिथे येऊन बसते.

"नॅन, घरी चल गं. गारठा पडलाय," वॉटी म्हणतो.

"तू हो पुढे. तो आत एकटा आहे रे."

वॉटी जात नाही. तिच्या शेजारी बसून राहतो.

मित्रांनो, मला कुणी जपावे, असे माझे मागणे नाही. मी टणक आहे, टिकेन. पण ज्या जमिनीवर तुम्ही खेळता, तिला जपा. तिच्या पोटातून किती काढून घेतले, हे वेळीच विचारा. आणि ती हलली, तर मागे काय राहिले ते पाहायला वळू नका.