क्लिफर्डची दोन मिनिटं

या, अशा जवळ सरकून बसा. दोन मिनिटांची गोष्ट सांगते.

इंग्लंडात, समुद्रकाठच्या व्हिटबी गावात, आमच्या गल्लीत घड्याळं घरोघरी आहेत, पण वेळ कुणी त्यात बघून सांगत नाही. बेकरीवाली "अर्ध्या क्षणात देते" म्हणते आणि तेवढ्यात गावभरच्या बातम्या सांगून होतात. बसला जरा उशीर झाला की "युगं लोटली!" आणि क्लिफर्डचं ठरलेलं: "दोन मिनिटांत आलो." म्हणजे निदान तासभर. त्याच्या बायकोनं, एनिडनं, शेहेचाळीस वर्षं त्याच अंदाजानं बटाटे उकडायला टाकले.

एका मंगळवारी ती ओल्या हातांनीच माझ्या दारात आली.

"क्लिफर्ड बाहेर गेला. म्हणाला, अडीच तास लागतील."

"मग? जन्मात एकदा खरं बोलला, तर केक कर!"

"थट्टा नको गं. तो वेळ मोजून सांगत नाही. कुणीतरी त्याला सांगितलीय."

ती बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली. चहा तसाच. मग एकदम म्हणाली, "आणि बूट! चॅपेलचे बूट घालून गेलाय. मंगळवारी!"

ते बूट इथली माणसं रविवारी चॅपेलात, म्हणजे प्रार्थनेला, घालतात, मयताला घालतात आणि डॉक्टरकडे जाताना घालतात. मयत तर कुणाचं नव्हतं, आणि अडीच तास लागतात ते इस्पितळातच.

इस्पितळाच्या बसमध्ये ती प्रत्येक थांब्याला उठत होती.

"बस ना जरा."

"बसलेच आहे की!" उभ्यानंच म्हणाली.

रविवारी प्रवचन रंगात आलं की आमच्या पाद्रीबाबांचा आवाज गाण्यात शिरतो. तोच सूर मनात धरून मी देवाला विनवत राहिले.

इस्पितळात क्लिफर्ड रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर होता, टोपी गुडघ्यावर. तिला पाहून ओशाळला.

"छातीचा फोटो काढायचाय. नर्सबाई म्हणाल्या अडीच तास, तेच तोंडात आलं बघ. खोटं सुचलंच नाही."

"मेल्या, बटाटे अर्धवट सोलून आलेय मी!" मग हळूच म्हणाली, "अजून किती वेळ?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दोन मिनिटं."

तेव्हा कुठे एनिडनं कोट काढला आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

पुढे देवानं त्यांना आणखी तीन उन्हाळे दिले. आता ती एकटीपुरते बटाटे उकडते. तुमच्या घरातलं कुणी "दोन मिनिटांत आलो" म्हणून बाहेर पडलं, तर रागावण्याआधी आमच्या क्लिफर्डची आठवण काढा.