लेकीच्या बोटाचा थेंब

मित्रांनो, रक्तातली साखर मोजणारे मी एक जुने यंत्र आहे. पडद्यावर ओरखडे पडले, पण माझा आकडा अजून चुकत नाही. तरीही मला स्वतःची लाज वाटते.

कारखान्यात मला एवढेच शिकवले: पट्टीवर थेंब पडला की आकडा दाखवायचा. बोट कोणाचे, हे विचारायला कोणी शिकवले नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका आईकडे मी आले. शिलाई मशीनच्या खणात माझी जागा होती. सुईला ती भीत नव्हती. भीत होती डॉक्टरांच्या बोलण्याला. आकडा वाढला की ते सगळ्यांदेखत म्हणत, "काय बाई, पुन्हा गोडावर ताव मारलात ना?"

मग तपासणी जवळ आली की ती लेकीला हाक मारी. "ये गं, बोट दे तुझं."

"आई, ही फसवणूक आहे."

"माझीच ना? दे मुकाट्याने!"

लेक हसून बोट पुढे करी. डॉक्टर माझ्यातले आकडे पाहून खूश होत, माझेही कौतुक करत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

तेच आकडे माझ्या पट्ट्यांचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीकडे गेले. साखर आटोक्यात आहे, असे म्हणून तिने पट्ट्या नामंजूर केल्या. आई अंदाजाने इन्सुलिन घेऊ लागली. एका दुपारी कापड बेतताना साखर एकदम खाली गेली, तिला दरदरून घाम फुटला, हातातली कात्री गळाली. लेकीने साखरेचे पाणी पाजून तिला सावरले. मी खणात मुके पडून होते.

लेकीने कंपनीला फोन लावला. कारकून म्हणाला, "नवे आकडे पाठवा, मग पट्ट्यांचं बघू."

"अहो, पट्ट्याच नाहीत तर आकडे आणू कुठून?"

"जुने तर छान आहेत की, ताई!"

आईने फोन घेतला. "दादा, ते रक्त लेकीचं होतं. डॉक्टर रागावतील म्हणून मीच लावायला लावलं."

"तसं डॉक्टरांकडून लिहून आणा."

जिथे तोंड लपवले, तिथेच जायचे होते. ती गेली, सगळे सांगितले. डॉक्टरांची मान खाली गेली. "मीच तुम्हाला घाबरवलं," ते म्हणाले. त्यांनी पत्र लिहिले आणि स्वतःजवळच्या थोड्या पट्ट्या दिल्या. कंपनीचे उत्तर अजून यायचे आहे.

घरी आईने स्वतःचे बोट पुढे केले. आकडा वाईट आला. लेक एवढेच म्हणाली, "बरं झालं, कळलं."

मित्रांनो, मला ओलाव्यापासून जपा. पण घरात कोणाचा आकडा वाढला, तर डोळे वटारू नका. घाबरलेले बोट मुठीत लपते, आणि मी दुसऱ्याच कोणाचे खरे सांगत बसते.