कधी रिता न झालेला ड्रम

मित्रांनो, पोटात दोनशे लिटर पाणी मावत असलं की कुणालाही थोडा ताठा चढतो. मी एक जुना निळा ड्रम आहे आणि ताठा माझ्यातही भरपूर होता. जन्म कारखान्यातला, पहिली नोकरी लोणचं वाहण्याची. पुढं पाथर्डीकडच्या एका गावातल्या चांदभाई पिंजाऱ्यांनी मला नगरच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलं. महिनाभर त्यांच्या घरच्या चहाला लोणच्याचा वास येई, पण कुणी नाक मुरडलं नाही. जिथं नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं, तिथं ड्रमाचा मान जावयापेक्षा मोठा असतो.

चांदभाईंचा एक दंडक होता. ड्रम कधी रिता करायचा नाही, बुडाला वीतभर पाणी ठेवायचंच, नाहीतर घराची बरकत जाते. उन्हाळ्यात टँकर चुकला की तेच पाणी कामी येई, म्हणून मलाही ते पटलेलं. एकोणीस वर्षं माझं बूड कोरडं पडलं नाही.

खरं सांगतो, त्या पाण्यात वळवळणारे किडे मला दिसत होते. पट्टेरी डास माझ्या आतल्या बाजूला अंडी चिकटवून जाई. पाणी खाली गेलं तरी ती महिनोन्‌महिने वाळून तशीच टिकत आणि नवं पाणी चढलं की फुटत. पूर्वी थंडीत पाणी गार पडे, किडे सुस्तावत. अलीकडं थंडीच मेली पडत नाही, आणि पंधरवड्याच्या आत डास उडू लागतात. लोक म्हणत, डास गटारीत होतात, पावसाळा सरला की संपतात. माझं पाणी तर नितळ होतं आणि गाव कोरडं ठणठणीत, म्हणून संशय माझ्यावर आलाच नाही.

गेल्या डिसेंबरात चांदभाईंची नात शिफा तापली. सात वर्षांची पोर, डोळे दुखतात म्हणून रडे. मग अंगावर लाल पुरळ उठलं. डेंग्यू निघाला. तिची आई हसीना तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिकडून फोन येई, प्लेटलेट उतरतायत.

तेव्हा गावच्या आशा सेविका सत्यशीलाताई घरोघरचं पाणी तपासत आल्या. माझ्या पोटात बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी चांदभाईंना वाकून बघायला लावलं. आठवड्याला ड्रम रिता करा, आतून घासा, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"रिता केला तर बरकत जाती, ताई," चांदभाई म्हणाले.

"आन शिफा? ती बरकत न्हाई व्हय, चाचा?"

चांदभाईंनी पुन्हा वाकून माझ्यात बघितलं. मला तर फुटून जावंसं वाटलं. माझ्या आडोशाला लपंडाव खेळणाऱ्या पोरीच्या मुळावर मीच उठलो होतो.

मग त्यांनी मला दोन्ही हातांनी आडवा केला. वीतभर पाणी लिंबोणीच्या आळ्यात गेलं, थेंबही वाया गेला नाही. काथ्यानं आतून घासून त्यांनी मला उन्हात ठेवलं. आता दर गुरुवारी हाच नेम, जास्त पाणी उरलं असलं तर ते फडक्यानं गाळून हंड्यांत काढून ठेवतात, आणि परत भरल्यावर तोंडाला जुनी चादर घट्ट बांधतात. शेजारच्या छबूबाईंनी आधी नावं ठेवली, आता त्यांचाही ड्रम उन्हात असतो.

नवव्या दिवशी शिफा दवाखान्यातून घरी आली, पार वाळून गेलेली. मी अंगणात आडवाच होतो. तिनं माझ्यात डोकं घातलं.

"दादा, हेच्या पोटात ऊन हाय," ती चांदभाईंना म्हणाली आणि हसली.

ते हसू माझ्या पोटात कितीतरी वेळ घुमत राहिलं. मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. आठवड्यातून एकदा त्याला रिता करा, घासा, उन्हं दाखवा. भरलेल्या ड्रमात हसू घुमत नाही, हे मला एकोणीस वर्षांनी कळलं.