विमलेची आंघोळ

माझी सवत मालन रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी पडवीत बसून ती मला कादंबरी वाचून दाखवायची. त्या दिवशी कादंबरीतली विमला बाळंतपणात गेली. मी तडक विहिरीवर जाऊन डोक्यावरून कळशी ओतून घेतली. आपलं माणूस गेल्याचं कळलं की आमच्यात आंघोळ करतात.

यजमान ओट्यावर सुपारी कातरत होते. मला ओलेती बघून दचकले. "कोण गेलं गो?"

"विमला," मी म्हटलं. मालनने पुस्तक दाखवलं.

ते पोट धरधरून हसले. "अगो खुळे, जी जन्मालाच आली नाही ती मरेल कशी? नसलेल्या माणसासाठी कोणी असं करतं काय?"

माझं डोकंच फिरलं. "मी नुसतं कळशीभर पाणी ओतलं. तुम्ही तर जन्मालाच न आलेल्या मुलासाठी माझ्या उरावर सवत आणून बसवलीत. तो अजून आलेला नाही. हसा आता!"

अडकित्ता थांबला. मालन उठली, आणि विहिरीवर जाऊन तिनेही विमलेची आंघोळ केली.